न चाललेल्या ओळी

१

माझं काम मोडतोडीचं. बाकीचे लोक यंत्र बनवतात आणि मी ते कुठे आडवं पडेल ते शोधते. त्यामुळे ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन गप्पा मारायची कुणाला फारशी हौस नसते, आणि मलाही नसते.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी व्हेंटिलेटर बनवते. पेशंटच्या छातीत हवा भरायची आणि काढून घ्यायची, एवढंच त्या यंत्राचं काम. त्याच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नल. यंत्रातला जो तो कर्नलकडे काहीतरी मागत असतो. जागा दे, वेळ दे, पंख्याचा वेग सांग. कर्नल देतो. आमचा कर्नल एकाच माणसाने लिहिला होता. तो दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचा, म्हणून त्याला सगळे मौनी म्हणायचे. त्याच्या कोडमधली चूक दाखवली की तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी ती चूक गेलेली असायची. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. मी त्याला हे कधी सांगितलं नाही, कारण कौतुक करायचं काम माझ्याकडे नव्हतं.

मौनीने लिहिलेली प्रत्येक ओळ निदान एकदा तरी चालून गेली आहे की नाही, हे मी मोजत होते. याला कव्हरेज म्हणतात. ओळ चालली की माझ्या पडद्यावर हिरवी होते, नाही चालली तर लाल राहते. लाल ओळी बहुतेक संकटासाठी लिहिलेल्या असतात. जागा मागितली आणि मिळालीच नाही तर काय करायचं, पंख्याने उत्तर दिलं नाही तर काय करायचं. रोजच्या व्यवहारात सगळं मिळतच असतं, त्यामुळे त्या वाटेला कुणी जातच नाही. त्या ओळी तशाच आत बसून राहतात. चालल्यावर त्या नेमकं काय करतील, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मग मी त्यांना चालायला लावते. मागणी आली की मुद्दाम नकार द्यायचा. सगळ्या मागण्यांना नाही, तसं केलं तर यंत्र पहिल्याच पायरीला बसतं. एकाच मागणीला, एकदाच. यंत्र सुरू केलं, पहिली मागणी नाकारली, बाकी सगळ्या दिल्या. बंद करून पुन्हा सुरू केलं, आता दुसरी नाकारली. मग तिसरी. कुठल्या तरी एका नकाराला यंत्र कधी न गेलेल्या वाटेने जातं आणि लाल ओळ हिरवी होते. एकदा झाली की पुरे, तिच्या वाटेला पुन्हा कुणी जात नाही. आणि ज्या फेरीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही नकार लागत नाही, त्या फेरीला समजायचं की मागण्या संपल्या, काम झालं.

आमच्या लॅबमध्ये भिंतीला लागून सहा यंत्रं ओळीने ठेवलेली होती आणि प्रत्येकाच्या नळीला रबराची एक पिशवी. पेशंटच्या फुप्फुसाच्या जागी. पिशव्या दिवसभर फुगायच्या आणि बसायच्या. नवीन माणसाला त्या आवाजाने अस्वस्थ व्हायला होतं. मला तो आवाज थांबला की अस्वस्थ वाटायचं.

२

एके दिवशी सकाळी मौनीचं कार्ड दाराने घेतलं नाही. त्याने पुन्हा लावलं, दार उघडलं. यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड चाललं, पण लिफ्टचं बटण दबलं नाही. पुन्हा दाबल्यावर दबलं. त्यानंतर त्याचं कपाट उघडताना किल्लीने हट्ट केला. त्याच्यापुढच्या दिवशी कपाट नीट उघडलं आणि कॉम्प्युटरने पासवर्ड नाकारला, एकदाच.

"तुझ्यावर कुणी टेस्ट लावलीय का रे?" मी म्हटलं.

"हं," मौनी म्हणाला. तो हसला नाही, पण तो एरवीही हसत नसे.

मी मनातल्या मनात त्याच्या अडचणी मोजत राहिले. सवयच तशी. रोज अडचण दिवसात थोडी पुढे सरकत होती. दार, मग लिफ्ट, मग कपाट, मग पासवर्ड, मग खुर्चीची कळ. माणूस सकाळपासून जे जे मागतो त्यातली एकेक मागणी, रोज एक पाऊल पुढची. मला गंमत वाटली. खरंच गंमत वाटली.

त्या आठवड्याच्या शेवटी मौनी लॅबमध्ये एक यंत्र उघडून बसला होता. आमचे साहेब त्याच्या टेबलावर हाताचा पंजा टेकवून फोनवर कुणाची तरी खरडपट्टी काढत होते. पंजा नेमका मौनीच्या स्क्रूंवर होता.

"साहेब, जरा हात बाजूला घ्या," मौनी म्हणाला.

साहेबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून हात हलवला नाही. मौनीने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि त्यांच्या पंजातून आरपार टेबलात रोवला. मग उपटला आणि त्यांच्या डोळ्यात घातला.

मी दोन टेबलं पलीकडे होते. मी मौनीचा चेहरा बघत होते आणि त्यावर राग नव्हता. रस्त्यात कुणी पत्ता विचारला की आपण सांगतो ना, तसा त्याचा चेहरा होता, थोडा मदतीचाच. साहेब खाली कोसळले, टेलिफोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला, आणि भिंतीपाशी सहा पिशव्या फुगत होत्या, बसत होत्या. मौनीने टेबलावरचे स्क्रू गोळा केले, त्यांना लागलेलं रक्त पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे काय झालं?"

साहेब वाचले. डोळा गेला.

३

मौनीला भेटायला मी तुरुंगात गेले. त्याला बायकोपोरं नव्हती, आणि कुणीतरी जायला हवं होतं. मधे जाड काच होती आणि बोलायला एक टेलिफोन.

मला वाटलं होतं तो खचलेला असेल. तो अगदी नीट होता. दाढी केलेली, केस विंचरलेले.

"साहेब कसे आहेत?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खोटं नव्हतं. "मी होतो गं तिथे. मला दिसत होतं. पण ते मी ठरवलं नाही. ते आधीच लिहिलेलं होतं, फक्त माझ्यातून गेलं."

"वकिलाला असं सांगू नकोस."

"नाही सांगत." मग तो एकदम गप्पा मारायच्या सुरात म्हणाला, "पण एक सांगू? आता काही अडत नाही. इथला नळ किती जुना आहे, पण हात लावला की पाणी. दार, पलंग, झोप, सगळं पहिल्या झटक्यात. बरं वाटतं."

इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून एका वेळी कधी ऐकली नव्हती. घरी येताना मी स्वतःची समजूत घातली. माणसाच्या डोक्यावर ताण येतो, फार दिवस गप्प बसलेला माणूस एक दिवस फुटतो, असं होतं. उरलेला सगळा योगायोग. मी यंत्रांबरोबर फार राहते, म्हणून मला सगळीकडे फेऱ्या दिसतात. हा खुलासा मला पटला होता.

४

माझा नवरा चष्मे बनवतो. खाली दुकान, वर आमच्या तीन खोल्या. घरात झुरळ निघालं तर तो त्याला कागदावर घेऊन जिन्यापर्यंत सोडून येतो. लग्नाआधी माझ्या आईने विचारलं होतं, इतका मऊ माणूस तुला चालेल का? मी म्हटलं, घरात एकीने मोडतोड केली तर पुरे. आमची मुलगी पहिलीत आहे. ती एका जागी बसत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो.

मौनीला भेटून आल्यावर थोड्याच दिवसांनी, सकाळी नवऱ्याने गॅस पेटवायला लायटर दाबला. ठिणगी पडली नाही. दुसऱ्यांदा पडली.

"लायटर गेला वाटतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लायटर पेटला आणि दुधाची पिशवी कात्रीने कापली गेली नाही. पुन्हा कापल्यावर गेली. तिसऱ्या दिवशी नळ. मी ओट्याशी उभी राहून बोटांवर मोजत होते.

मी माझ्या पद्धतीने शहानिशा केली. त्याचा क्रम बदलून पाहिला. सकाळी त्याच्या आधी उठून गॅस मी पेटवला, दूध मी कापलं, त्याला आधी दुकानाचं शटर उघडायला पाठवलं. वस्तू वेगळ्या झाल्या, पण अडायचं ते त्याच्या मागण्यांच्या रांगेतल्या नेमक्या पुढच्या जागीच अडलं. वस्तूत बिघाड नव्हता. कुणीतरी मोजत होतं.

मी त्याला सांगितलं. त्याने चष्म्याची काच पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी कुणाचा तरी डोळा फोडणार?"

"मला माहीत नाही. कशावर काय होईल ते आधी कळत नाही, म्हणून तर चालवून बघतात."

"अगं, पण माझ्यात असलं काही नाहीये," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. "असतं तर इतक्या वर्षांत तुझ्याबरोबर राहून निघालं असतं की."

मी हसले. मग ठरवलं की त्याला काही मागूच द्यायचं नाही. पाणी, टॉवेल, किल्ल्या, सगळं त्याच्या आधी मी त्याच्या हातात ठेवायला लागले. तो वैतागला. भिंगरीला खेळ वाटला, तीही बाबांच्या पुढेपुढे करायला लागली. मी तिला शेजारच्या खोलीत पाठवत राहिले, आणि त्याच्या हाताला धार असलेलं काही लागू देत नव्हते. हत्यारं उचलून ठेवली. मला वाटलं, मी सगळं झाकलं.

रविवारी दुपारी तो घरच्या टेबलावर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये काच बसवत होता. मी शेजारी टेबललॅम्प धरून उभी होते.

"अगं, दिवा जरा इकडे घे," तो म्हणाला.

मी ऐकलं. मला दिवा इकडे घ्यायचा होता. हात हलला नाही. दुखलं नाही, जड झाला नाही, नुसता हलला नाही. आणि मला कळलं की रांगेतली पुढची वस्तू मी आहे.

त्याने काच खाली ठेवली. माझं मनगट धरलं, टेबलाच्या कडेवर आडवं ठेवलं आणि वरून दाब दिला. पहिल्यांदा नुसता कडकड आवाज झाला. त्याने पुन्हा दाबलं आणि हाड चामडीतून बाहेर आलं. मग माझे केस धरून त्याने माझं तोंड त्याच कडेवर आपटलं, आणि परत आपटलं. मला दिसत होता तो त्याचा चेहरा. तो पत्ता सांगत होता.

मग थांबला. "घेतेस ना दिवा?" म्हणाला, आणि माझा हात बघून तिथेच ओकला.

५

त्याने स्वतः मला दवाखान्यात नेलं. जिन्यावरून पडले असं मी सांगितलं आणि डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवल्यासारखं केलं. हाताला प्लास्टर, दोन दात गेले, ओठाला टाके. बाहेर बाकावर तो गुडघ्यात डोकं घालून रडत होता. त्याच दिवशी तो बॅग भरून आपल्या थोरल्या बहिणीकडे निघून गेला.

"माझ्याजवळ तुम्ही दोघी नको," तो म्हणाला.

"तुझं झालं आता," मी सुजलेल्या तोंडाने म्हटलं. "एकदा झालं की पुरे असतं. आता तू सगळ्यांत सुरक्षित."

त्याला ते क्रूर वाटलं असावं. पण दोन दिवसांनी त्याने फोन केला आणि हळूच म्हणाला, "इथे काही अडत नाहीये. ताईच्या कपाटाचं कुलूप कुणालाच उघडत नव्हतं. मी किल्ली लावली आणि उघडलं."

त्याच सकाळी माझ्या टूथपेस्टचं झाकण फिरलं नव्हतं. दुसऱ्यांदा फिरलं.

मी भिंगरीकडे बघितलं. ती एका पायावर उभी राहून दूध पीत होती. माझ्यात काय लिहिलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं. मऊ माणसाच्या आत इतकं निघालं, तर मी तर आयुष्यभर मोडतोडच करत आलेली. मी नणंदेला फोन लावला. लगेच लागला.

"ताई, भिंगरीला तुमच्याकडे पाठवते. तिच्या बाबांजवळ."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" नणंद म्हणाली. "त्याने तुझा हात मोडला, आणि पोरगी त्याच्याकडे पाठवतेस? मी त्याची सख्खी बहीण, पण मी पाठवली नसती."

"त्याच्याजवळ राहू दे. माझ्याजवळ नको."

"तुला काय झालंय? तू काय करणार आहेस तिला?"

"काही नाही करणार," मी म्हटलं. "म्हणून तर पाठवते."

संध्याकाळी तो येऊन तिला घेऊन गेला. ती जिन्यात थांबून म्हणाली, "आई, तुझं प्लास्टर निघालं की मी त्याच्यावर चित्र काढणार." प्लास्टर निघाल्यावर चित्र कशावर काढशील, असं मी तिला विचारलं नाही. नुसता हात हलवला.

६

मग मी गप्प बसले. अक्षरशः. ऑफिसात रजा टाकली. रोज एक पाऊल अडचण पुढे सरकत होती: झाकण, नळ, दिव्याचं बटण, दाराची कडी. ती सरकत माणसापर्यंत जायच्या आत मी माझ्या मागण्याच कमी करत आणल्या. सकाळी उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. पाण्याचा तांब्या, पाव आणि दोन केळी आदल्या दिवशीच जवळ ठेवलेली. दिवा लावायचा नाही, फोन उचलायचा नाही, दार उघडायचं नाही. घर इतकं शांत झालं की खालच्या दुकानाच्या शटरमधून वारा जातो तेही ऐकू येई. त्या वाऱ्याला लॅबमधल्या पिशव्यांची लय होती. की माझ्याच श्वासाला होती, ते मी नीट पाहिलं नाही.

एके दिवशी काहीच अडलं नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मी श्वास रोखून दुसरा दिवस काढला. तोही स्वच्छ. तिसराही.

ज्या फेरीत एकही नकार लागत नाही, त्या फेरीला समजायचं की काम झालं. हे मी किती जणांना शिकवलं आहे. मी खुर्चीत बसून रडले, आणि ते सुखाचं रडणं होतं. माझ्यात काही निघालं नाही. मला माझ्या आईला फोन करून सांगावंसं वाटलं की बघ, मी वाटते तितकी वाईट नाही. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत.

मी नवऱ्याला फोन केला. "या," म्हटलं. "दोघंही या. संपलं."

"नक्की?"

"माझं कामच ते आहे. नक्की."

माझ्या हाताखाली नवीन आलेली मुलं एक चूक हमखास करतात. यंत्राला काम कमी देतात, त्याच्याकडून मागण्याच कमी निघतात, आणि नकाराचा आकडा त्या थोड्या मागण्यांच्या पुढे निघून जातो. मग ती धावत येऊन सांगतात, मॅडम, काही बिघडलं नाही, झालं. त्यासाठी मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं आहे. त्या दिवशी मला हे आठवलं नाही.

७

भिंगरी आली ती उड्या मारतच. घर पुन्हा आवाजांनी भरलं. मी गॅस पेटवला, भात लावला, कपाट उघडलं, चादरी बदलल्या, खिडक्या उघडल्या, नवऱ्याकडे मीठ मागितलं, त्याने दिलं. दिवस मागण्यांनी भरून चालला होता आणि प्रत्येक मागणी मिळत होती. मी मोजत नव्हते. इतक्या दिवसांनी मी मोजत नव्हते.

दुपारी मी भिंगरीला न्हाऊ घालायला घेतलं. तिच्या केसांत आत्याच्या बागेतली माती होती. तिला पाणी तोंडावर येणं आवडत नाही आणि ती ओली असताना घरभर पळते, म्हणून न्हाणीघराची कडी आतून लावायची आमची पद्धत आहे. मी कडी लावली. ती प्लास्टिकच्या मोठ्या टबात बसून प्लास्टरवर बोटाने चित्र काढत होती. पलीकडच्या खोलीत नवरा काच घासत होता. घासण्याचा आवाज येत होता, थांबत होता, येत होता.

"चल, डोकं मागे कर," मी म्हटलं.

"नाही," ती हसत म्हणाली.

मुलं दिवसातून शंभर वेळा नाही म्हणतात. पण त्या नकाराच्या मागे जो आवाज बंद पडला तो मी ओळखला. लॅबमध्ये पिशवी बसते आणि पुन्हा फुगत नाही, तेव्हा जे ऐकू येतं ते. मला वाटलं, मी तिला सांगावं, बाळा, पटकन मागे कर, पुन्हा विचारते, आता हो म्हण. मला ते सांगायचं होतं.

माझा चांगला हात तिच्या मानेमागे गेला. मला राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. पाणी कोमट होतं, साबणाचा वास होता, आणि कुणीतरी मला रस्ता विचारत होतं आणि मला तो येत होता. पुढे, खाली, आणि धरून ठेवायचं. तिचे पाय टबाच्या कडेवर आपटत होते. प्लास्टरचा हात मी तिच्या पाठीवर आडवा टाकला, कारण तो जड होता. तिच्या हाताची बोटं माझ्या बाहीत अडकली आणि बाही फाटली. मग बोटं उघडायला लागली. पाण्यावर बुडबुडे येत होते आणि मी ते मोजायला लागले.

"अगं, काय पाडलंस?" बाहेरून नवरा म्हणाला.

ती कडी लोखंडी आहे. एकदा भिंगरी आत अडकली होती तेव्हा शेजारच्या दोघांनी खांदे लावले तरी ती निघाली नव्हती, शेवटी सुताराला बोलवावं लागलं होतं. नवऱ्याने दारावर नुसता हात ठेवला. दार उघडलं.

८

इथे मला एक खोली आहे. नळ आहे, पलंग आहे, उंचावर खिडकी आहे. हात लावला की पाणी येतं. डोळे मिटले की झोप लागते. रात्रपाळीच्या बाईकडे जे मागावं ते ती देते आणि मग आपण का दिलं म्हणून दारात जराशी थांबून राहते.

भिंगरी वाचली. तिच्या छातीत पाणी गेलं होतं आणि ती दोन दिवस यंत्रावर होती. आमच्याच कंपनीचं, नवऱ्याने सांगितलं. मौनीचा कर्नल, मी तपासलेला. एकदाही चुकला नाही.

काल तो पहिल्यांदा तिला घेऊन आला. मधे काच होती. मला वाटलं होतं ती माझ्याकडे बघणार नाही. ती बघत होती. तिने पाण्याची बाटली आणली होती, तिचं झाकण फिरवलं. फिरलं नाही. तिने पुन्हा फिरवलं आणि ते उघडलं.

मी टेलिफोन कानाला लावला.

"हे कधीपासून?"

"सोमवारपासून," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. "सोमवारी बुटाचा पट्टा. मग दप्तराची चेन. मग रबर. आज हे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "वर्गात सव्वीस मुलं आहेत गं. तिच्या बाकावर एक बुटकी मुलगी बसते, तिची मैत्रीण आहे. आणि घरी ताई असते."

"तिला शाळेत पाठवू नकोस."

"किती दिवस?"

तिला खुर्चीत बसवून ठेवता येईल, तांब्या आणि केळी जवळ ठेवून, काही मागू न देता. त्याने काय होतं ते मला आता माहीत आहे. काचेपलीकडे ती बाटलीचं झाकण लावत होती आणि काढत होती. लहान, गोल हात. त्या हातांनी काय होऊ शकेल याचा मी विचार केला. फार नाही. पेन्सिल असेल तर थोडं जास्त.

"ऐक," मी म्हटलं. "तिला रोज इथे घेऊन ये. सकाळपासून. ही काच मधे नको, आतल्या खोलीत भेट मागून घे, आपल्याला देतील. तिला माझ्या मांडीवर बसू दे. जे काही मागायचं ते तिला माझ्याकडे मागू दे. आणि तिची कंपासपेटी बरोबर आण. रिकाम्या हातांनी झालं नाही तर ते पुढे दुसऱ्या कुणाकडे सरकेल."

त्याला सगळं कळलं होतं, कारण टेबलाच्या कडेवर माझं मनगट त्यानेच ठेवलं होतं.

"तुला लागेल," तो म्हणाला.

"लागू दे. माझ्यावर होऊ दे. एकदा झालं की तिचं सगळं पहिल्या झटक्यात होईल, जन्मभर. तू रोज घेऊन येशील ना?"

तो नाही म्हणेल असं क्षणभर वाटलं. पण आता माझं मागणं कुणी नाकारत नाही.

"बरं," तो म्हणाला.